जुन्नरला उजेड, तळेघरला अंधार

भागुजींना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते दिसले नाहीत. जुन्नरच्या पेठेत दोन दुकानांच्या मधे कुणा गवंड्याच्या विसरभोळेपणाने एक फट राहून गेली होती. त्या फटीला कुणीतरी शटर बसवलं, वर 'यशोधरा इलेक्ट्रॉनिक्स, सर्व प्रकारची दुरुस्ती' अशी पाटी ठोकली आणि आत जमिनीपासून छतापर्यंत टीव्ही, टेप, मिक्सर, पंपाचे स्टार्टर आणि कॉम्प्युटर यांचा असा डोंगर रचला, की तो हडसर-चावंडच्या रांगेत नेऊन ठेवला असता तर ट्रेकवाल्यांनी त्यावरही दोर लावले असते. मी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून, पोट आत ओढून, तिरका होऊन आत शिरलो. माणूस कुठेच नव्हता. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. डोंगराच्या पोटातून आवाज आला,

"चहा सांडला जनू. गुळाचा."

मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"तीन-चार दिस झालं असतील. आलं बी व्हतं त्यात."

मी गार पडलो. घरी मी बायकोला सांगितलं होतं की लॅपटॉप आपोआप बंद पडला. पोलीस खात्यालाही जे कबूल करवून घेता आलं नसतं, ते या माणसाने पिशवीची चेन न उघडता, वासावरून, ढिगाऱ्यात बसून ओळखलं होतं. मला तिथल्या तिथे साष्टांग दंडवत घालावासा वाटला, पण दुकानात तेवढी लांबी नव्हती. मग डोंगर हलला, दोन मिक्सर बाजूला झाले आणि मधून भागुजी बाहेर आले. उंची पाच फूट, त्यातला एक फूट चष्मा.

"आधी वैनींना खरं सांगा," ते पिशवी घेत म्हणाले, "मंग उद्या या. खोटं बोलून आनलेलं यंत्र लवकर बरं हुत न्हाई."

त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा तरी त्या फटीत उभा असतो. बसायला जागा नाही, म्हणून उभा. काम असतंच असं नाही. काही लोक लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात, मी भागुजींकडे जातो. माझे गुडघे बघता हे बरं पडतं.

भागुजींचं वय बासष्ट. शिक्षण सातवी. पहिल्यांदा रेडिओ उघडला तो अकराव्या वर्षी, वडिलांचा, वडील शेतावर गेलेले असताना. वडील परत येईपर्यंत तो पुन्हा बंद करून वाजताही ठेवला होता, फक्त आधी लागायचं त्यापेक्षा एक स्टेशन जास्त लागायला लागलं, आणि त्यावरूनच चोरी पकडली गेली. पुढे टीव्ही आले, टेप आले, मोबाईल आले, आणि प्रत्येक वेळी भागुजी ते कुणाला न विचारता उघडत गेले. इंग्रजी त्यांना येतं ते सर्किटवर छापलेलं असतं तेवढंच. एकदा एका पर्यटकाने त्यांना इंग्रजीत रस्ता विचारला, तर त्यांनी जुन्या बसस्टँडकडे बोट दाखवून ठणठणीत आवाजात "ग्राउंड" असं सांगितलं. तो गेला आणि त्याला रस्ता सापडला असावा, कारण परत आला नाही.

त्यांच्याकडे पाच स्क्रू-ड्रायव्हर आहेत. त्यांच्या मुठींना त्यांनी पंचशील ध्वजाचे रंग दिलेत: निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी. त्या क्रमाने ते भिंतीवर टांगलेले असतात आणि क्रम चुकला की भागुजींचा दिवस चुकतो. काढलेले स्क्रू ठेवायला एक पितळेची वाटी आहे. ती त्यांच्या पत्नीच्या, फुलाबाईंच्या रुखवतातली. फुलाबाई गेली छत्तीस वर्षं ती परत मागत आहेत.

त्यांची काम करायची रीत अशी. यंत्र आधी उघडायचं नाही. आधी माणूस उघडायचा. "ज्या दिशी बिघडलं त्या दिशी सकाळपासनं सांगा," असं ते म्हणतात आणि डोळे मिटतात. गिऱ्हाईक सांगतं: उठलो, तोंड धुतलं, चहा घेतला. भागुजी हुंकार देतात. सगळं झालं की म्हणतात, "आता परत सांगा." दुसऱ्यांदा सांगताना माणूस पहिल्यांदा लपवलेलं सांगतो. पोर पडलं होतं, वीज कडाडली होती, रागाने आपटला होता. मी स्वतः ऐकलंय, एका सरपंचाने तिसऱ्या खेपेला कबूल केलं की की-बोर्डवर कोंबडी बसली होती.

आणि त्यांचा एक नियम. दुकान सोडून कुणाच्या घरी जायचं नाही. "डॉक्टर घरी आला की पेशंट उगाच जास्त कण्हतो," असं ते सांगत. खरं कारण फुलाबाईंनी मला सांगितलं. भागुजींना गाडी लागते. नारायणगावला लग्नाला गेले तरी दोन लिंबं लागतात.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. तो वैजयंतीसाठी.

वैजयंती ही तळेघरची सून. तळेघर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर, डोंगरात. माहेर निमगाव सावा, त्यामुळे भागुजींना ती लहानपणापासून ओळखत होती. तिच्या वडिलांच्या पंपाचा स्टार्टर दर उन्हाळ्यात भागुजींकडे यायचा. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. शनिवारी दुपारी ती दोन एसट्या बदलून, लॅपटॉप गोधडीत गुंडाळून, कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन आली.

"काका, सिस्टिम अपग्रेड केली आणि स्क्रीन गेला. दिवा लागतो, पंखा फिरतो, समोर सगळा अंधार. घोडेगावात दाखवला, ते म्हणाले नवीन घ्या."

"घोडेगाववाल्यांना नवीन घ्या एवढंच येतं," भागुजी म्हणाले. "रडू नको. त्या दिशी सकाळपासनं सांग."

रडण्यासारखं होतं खरं. एका संस्थेने डोंगरातल्या वाड्यांसाठी फॉर्म भरायचं केंद्र काढायचं ठरवलं होतं. दाखले, पीकनोंद, पेन्शन, सगळं तिथे भरून मिळणार. आतापर्यंत त्यासाठी माणसं चालत यायची, मग एसटीची वाट बघायची, घोडेगावला जायची, आणि तिथे साइट बंद असली की तशीच परत. म्हाताऱ्यांनी तर पेन्शनचा नाद सोडला होता. केंद्र वैजयंतीच्या घरी द्यायला संस्था तयार होती. अट एवढीच, की त्यांचे साहेब बघायला येतील त्या दिवशी तिच्या घरात नव्या सिस्टिमचा चालू कॉम्प्युटर असला पाहिजे. नसला तर केंद्र खाली डिंभ्याकडे जाणार. साहेब येणार होते पुढच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी. नवा लॅपटॉप घेणं शक्य नव्हतं. हा जुना नवऱ्याच्या कंपनीने टाकून दिलेला. बॅटरी केव्हाच मेलेली, वायर भिंतीत असेल तोवरच त्याच्यात जीव.

ती सांगायला लागली. खंडेनवमीचा दिवस. सकाळी अपग्रेड लावलं. सात तास चाललं. तोवर सासूबाईंनी विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ धुऊन ठेवले. हत्यारांची पूजा असते, त्यात या वर्षी लॅपटॉपही मांडायचा होता. अपग्रेड झालं, स्क्रीनवर तसं आलंसुद्धा. मग तो बंद केला, सासऱ्यांनी नवीन मेज केलं होतं त्यावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजा झाल्यावर चालू केला, तर अंधार.

"हळद आत गेली का?"

"झाकण मिटून वाहिली, काका."

"परत सांग."

तिने परत सांगितलं. अपग्रेड, विळे, मेज, हळद, फूल, अंधार.

भागुजींनी वायर जोडली, बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. स्क्रीनवर निळंशार चित्र, जणू काही झालंच नव्हतं.

वैजयंतीचा चेहरा मी विसरणार नाही. दवाखान्याच्या दारात गेल्यावर ताप उतरतो, तसं झालं होतं. भागुजींनी तरी त्याला तसा सोडला नाही. पाठ उघडली, आतली मेमरीची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासले, परत बसवली. "एसटीत हादरून जागेवर बसली असंल. आता न्हाई हलायची. जा."

मंगळवारी ती पुन्हा हजर. घरी नेला, लावला, अंधार. मधल्या दोन दिवसांत भागुजींनी फोनवरून तिच्याकडून काय काय करून घेतलं होतं! बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धर. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मार, आत अंधुक चित्र दिसतं का बघ. दिसत नव्हतं. दुकानात वायर जोडली, बटण दाबलं. उजेड.

"काका, मी खोटं नाही हो बोलत."

"कोन म्हनलं?"

"घरात म्हणतात. सासूबाई म्हणतात, त्याला जुन्नरची हवा मानवते, तळेघरची मानवत नाही."

भागुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला, जे ते फक्त मयताला जाताना करतात. स्क्रीन चालवायचा नव्या सिस्टिमचा भाग काढून पुन्हा टाकला, आणि जाताना तिला एक वायर दिली. "घरी टीव्हीला जोडून बघ. आपला पडदा गेला असंल तर टीव्हीवर चित्र यील."

संध्याकाळी फोन आला. टीव्हीवरही काही नाही.

त्या दिवसापासून भागुजी वेगळेच दिसायला लागले. पांढरा स्क्रू-ड्रायव्हर लालच्या जागी टांगलेला मी स्वतः पाहिला. मी म्हणालो, "राव, सोडा ना. एक लॅपटॉप."

"पडद्याचा दोष न्हाई," ते माझ्याशी नाही, समोरच्या मिक्सरशी बोलत होते. "यंत्र झोपतंय. चालू हुतंय आन झोपतंय. पन कुनाच्या सांगन्यावरनं?"

शनिवारी ते म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी डोंगर चढंल का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

रविवारी सकाळी फुलाबाईंनी त्यांच्या हातात चार लिंबं दिली आणि माझ्याकडे, युद्धावर निघालेल्या माणसाला सारथ्याच्या हवाली करावं, अशा नजरेने बघितलं. घोडेगावापर्यंत भागुजी ताठ होते. डिंभ्याच्या धरणापाशी पहिलं लिंबू संपलं. पुढे वळणं सुरू झाली तशी त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी मला सांगितलं की गाडीचा एक प्लग कमी मारतोय. पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्याने तो काढून दाखवला. आजारी माणूस दुसऱ्याचं दुखणं ओळखतो हे मी तेव्हाच बघितलं.

वैजयंतीचं घर रस्त्यापासून अर्ध्या तासावर. भात पिवळं पडायला लागलं होतं. बांधावरून पुढे रस्त्यापर्यंत घ्यायला आलेली वैजयंती, मागे पिशवी सांभाळत पिवळेच पडलेले भागुजी, त्यांच्या मागे मी. दारात सासरे गेणभाऊ आणि सासू कोंडाबाई उभे.

"या पावणं," गेणभाऊ म्हणाले. "वाईच पानी घ्या. त्वांड उतरलंय."

"आधी त्याला बघू," भागुजी म्हणाले.

घरात, खिडकीखाली, नव्या मेजावर लॅपटॉप होता. मेज खरोखर देखणं होतं. जाड, काळपट, घासून गुळगुळीत केलेल्या फळ्यांचं. भागुजींनी स्वतः हात लावला नाही. "तू रोज करतीस तसंच कर," ते वैजयंतीला म्हणाले. तिने वायर लावली, झाकण उघडलं, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि अंधार. थोड्या वेळाने पंखाही थांबला.

"बघा!" कोंडाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं नव्हतं? हवा."

भागुजींनी लॅपटॉपला कान लावला. वास घेतला. भिंतीतला करंट तपासला. सगळं ठीक. मग त्यांनी तो पालथा केला आणि निळा स्क्रू-ड्रायव्हर काढला. पितळेची वाटी मात्र दुकानातच राहिली होती. दुकान सोडून जायची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. त्यांनी पहिला स्क्रू काढला आणि मेजावरच, समोरच्या कडेला ठेवला.

स्क्रू उभा राहिला.

त्याला कुणी उभा केला नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू, आडवा ठेवलेला, थरथरला आणि आपल्या डोक्यावर ताठ उभा राहिला. भागुजींनी दुसरा ठेवला. तो घसरत गेला आणि पहिल्याशेजारी उभा राहिला. तिसरा बोटातूनच सुटला. कोंडाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. खरं सांगतो, मीही जोडले. आठ स्क्रू त्या काळ्या लाकडावर रांगेने उभे होते, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे, आणि वाकून त्यांच्याकडे बघणाऱ्या भागुजींच्या चेहऱ्यावर मला तो अकरा वर्षांचा, वडिलांचा रेडिओ उघडून बसलेला मुलगा दिसला.

मान वर न करता ते म्हणाले, "भाऊ, हे मेज कुनी केलं?"

गेणभाऊंची छाती फुगली. "म्या. कसं हाय?"

"लई भारी. खाली काय हाय?"

"खाली? खाली लोहचुंबक हाय," मेजाला चार पाय आहेत अशा सुरात गेणभाऊ म्हणाले.

भागुजी मेजाखाली शिरले. मागोमाग मीही. फळीच्या पुढच्या कडेला, खालच्या अंगाने, वीतभर लांबीची काळी लोखंडी पट्टी रिबिटांनी बसवलेली होती. ही फळी गेणभाऊंच्या जुन्या भातगिरणीची. खळ्यावरून आलेल्या भातात खिळे, तारेचे तुकडे असायचे आणि गिरणीचे दात मोडायचे. म्हणून भात ओतायच्या तोंडाशी हा चुंबक बसवला होता. गिरणी मोडली, फळी ठेवली. सुनेचं केंद्र होणार म्हणून तिचं मेज केलं, खंडेनवमीच्या मुहूर्तावर.

"मंग चुंबक काढला का न्हाई?" भागुजींनी खालूनच विचारलं.

"का काढू?" गेणभाऊ दुखावले. "चांगला हाय की. अजून धरतोय!"

डोंगरात चांगली वस्तू कुणी काढून टाकत नाही. भागुजी बाहेर आले. त्यांनी लॅपटॉप सरळ केला आणि एक स्क्रू झाकणाच्या काठावर फिरवला. एका ठिकाणी तो चिकटला.

"ह्यात बी एक बारका चुंबक असतो," ते कोंडाबाईंना समजावून सांगायला लागले. "झाकन मिटलं की तो खालच्या अंगाला येतो. मंग यंत्राला कळतं, बाईंनी झाकन लावलं, आता झोपायचं. तुमच्या मेजातला चुंबक त्याला खालनं त्येच सांगतोय. झोप. झोप. उठलं की झोप. ते बिचारं ऐकतंय. बिघाड त्यात कवाच नव्हता."

"आणि अपग्रेड?" वैजयंती म्हणाली.

"त्याचा काय संबंध? त्या दिशी दोन गोष्टी नव्या झाल्या. सगळ्यांनी एकीलाच धरलं." मग ते तिच्याकडे वळले. "म्या बी. पोरी, तू मला दोन डाव सांगितलं, सासऱ्यांनी नवीन मेज केलं. म्या ऐकलं, आन सोडून दिलं. माझं चुकलं. तू खरं बोलत व्हतीस."

वैजयंतीने खिडकीकडे तोंड केलं आणि पदराने डोळे पुसले. गेला आठवडाभर घरात तिला कुणी हे म्हणालं नव्हतं.

रिबिटं काढायला गेणभाऊ तयार नव्हते. म्हणाले, फळी चिरंल. भागुजी म्हणाले, नका काढू. त्यांनी स्क्रू परत बसवले, मेजाचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं, आणि मेज फिरवलं. चुंबकाची कड भिंतीकडे गेली. लॅपटॉप पुढच्या कडेला ठेवला. वैजयंतीने बटण दाबलं.

उजेड.

हा त्या आजारावरचा उपाय. पन्नास किलोमीटर, चार लिंबं, आणि मेज फिरवणं. मी आयुष्यात मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, सत्कार बघितले, पण एखाद्या माणसापुढे आपण किती लहान आहोत हे मला त्या खिडकीखाली कळलं. आणि भागुजी? ते मेजाच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून गेणभाऊंना विचारत होते, हा चुंबक किती किलो उचलतो, आणला कुठून, गिरणीला किती अश्वशक्तीची मोटार होती. गेणभाऊ खिळे आणून दाखवत होते. दोघांनी तासभर खिळे चिकटवले. हुलग्याची आमटी निवत होती आणि कोंडाबाई दोघांनाही शिव्या देत होत्या.

"म्हंजी मेजाची दिशा चुकली व्हती," कोंडाबाईंनी शेवटी निकाल दिला. "हवा न्हाई तर दिशा. म्या जवळच व्हते."

परतताना भागुजींना गाडी लागली नाही. डिंभ्यापाशी म्हणाले, "उद्या सायब आला की नुसतं बटन दाबायचं. बस."

सोमवारी संस्थेचे साहेब तळेघरला आले. सकाळपासून वीज नव्हती, लॅपटॉप बंदच. त्यांनी चहा घेतला, मेज छान आहे म्हणाले, आणि केंद्राच्या कागदावर सही करून गेले.